कर्णा, भोंगा आणि बंद दार

मराठीत 'कर्णा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तोंडाने फुंकायचं ते लांबलचक पितळी वाद्य म्हणजे कर्णा, आणि जत्रेत, निवडणुकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात खांबाला बांधतात तो पत्र्याचा लाऊडस्पीकरही कर्णाच. शब्द उच्चारला की त्यात 'कर्ण' म्हणजे कान ऐकू येतो. एकाचं म्हणणं अनेकांच्या कानांपर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम.

पण मंडळी, जगात असेही कर्णे बनले, की जे कुणाला काही ऐकवण्यासाठी नव्हतेच. उलट ते वाजत असताना आसपास माणूस असता कामा नये, ही त्यांची पहिली अट. आज त्या कर्ण्यांचा इतिहास सांगणार आहे. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान हा काही माझा विषय नव्हे. त्यामुळे समीकरणांची भीती बाळगू नका. जे मला समजलं ते तुम्हालाही समजेल.

हे डोक्यात शिरलं ते एका बातमीमुळे. २०२३च्या मार्च महिन्यात पेपरात आलं होतं, की चांद्रयान-३च्या कंपन आणि ध्वनी चाचण्या बेंगळुरूला यशस्वीपणे पार पडल्या. वाचलं आणि अडखळले. कंपनाचं एक वेळ समजू शकतं, पण ध्वनी? चंद्रावर तर हवाच नाही. हवा नाही तिथे आवाज नाही, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. मग जिथे आवाजच नाही तिथे जाणाऱ्या यानाला आवाज कशाला ऐकवायचा? या एका प्रश्नाच्या मागे लागले आणि वाचत वाचत थेट १९०० सालच्या पॅरिसपर्यंत जाऊन पोचले.

आधी मोजमापाचं थोडं बोलून घेऊ. आवाज डेसिबलमध्ये मोजतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण हे माप सरळ चालत नाही, उड्या मारत चालतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. वीस वाढले की शंभरपट, तीस वाढले की हजारपट. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास. १२०च्या पुढे कानात दुखायला लागतं. आणि ज्या खोल्यांबद्दल मी पुढे सांगणार आहे तिथे १५०-१६० डेसिबल हा नेहमीचा आकडा. ६० आणि १६० यांतलं अंतर म्हणजे शक्तीत हजार कोटी पटींचं अंतर!

दुसरं माप वॅटचं. माणूस सहज बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या ध्वनीची शक्ती साधारण एका वॅटचा एक लाखावा भाग असते. बत्तीस वर्षं घसा ताणून साठ-साठ मुलांच्या वर्गाला शिकवलं, त्याची किंमत एवढीशी! विजेच्या दिव्याच्या वॅटशी मात्र याची तुलना करू नका. नेहमीचा लाऊडस्पीकर जेवढी वीज खातो त्यातला अगदी थोडा भाग, साधारण शंभरातला एखाद-दुसरा, ध्वनी होऊन बाहेर येतो. बाकी सगळी उष्णता.

आता गोष्टीला सुरुवात करू.

इंग्लंडमध्ये होरेस शॉर्ट नावाचा एक विक्षिप्त आणि अफाट बुद्धीचा यंत्रकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने आवाज मोठा करण्याची एक वेगळीच युक्ती शोधली. त्या काळात विजेवर चालणारे ध्वनिवर्धक नव्हते. ग्रामोफोनची सुई थरथरते, तिची थरथर एका पातळ पडद्याला मिळते आणि पडद्याने हवा हलते, एवढाच जोर. शॉर्टने ठरवलं, की सुईने हवा हलवायचीच नाही. हवा आपण आधीच पंपाने दाबून ठेवू, तिला जोराने बाहेर सोडू, आणि सुईकडे फक्त एका नाजूक झडपेचं काम देऊ. सुई थरथरेल तशी झडप किंचित उघडेल, किंचित मिटेल, आणि बाहेर धावणाऱ्या हवेच्या झोतावर त्या थरथरीचा ठसा उमटेल. कालव्याचं दार एक माणूस एका हाताने उघडतो-मिटतो, पण पाण्याचा जोर मात्र धरणाचा असतो ना? तसंच हे.

१९०० साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तेव्हा शॉर्टचं हे यंत्र आयफेल मनोऱ्यावरून वाजवलं गेलं. पुढे चार्ल्स पार्सन्स यांनी ते हाती घेतलं. हेच ते वाफेच्या टर्बाइनचे जनक, म्हणजे दाबाखाली धावणाऱ्या वायूची नस ओळखणारा माणूस. त्यांनी यंत्रात सुधारणा केली, नाव दिलं 'ऑक्झेटोफोन', आणि १९०६पासून ग्रामोफोन कंपन्यांनी ते विकायलाही काढलं. अमेरिकेत त्याची किंमत होती ५०० डॉलर. त्या काळी एवढ्या पैशात काय काय आलं असतं! गाणं मोठ्याने ऐकू यायचं खरं, पण गाण्याबरोबर हवेची सूं-सूंही ऐकू यायची. घरगुती बैठकीत ते टिकणं शक्यच नव्हतं.

होरेस शॉर्ट पुढे विमानांकडे वळला. त्याने आणि त्याच्या दोन भावांनी मिळून शॉर्ट ब्रदर्स ही कंपनी चालवली, आणि १९०९ साली राइट बंधूंच्या नमुन्याची सहा विमानं बांधायचं काम तिने घेतलं. दाबलेल्या हवेच्या कर्ण्याचा जनक विमानं बांधायला गेला, आणि पन्नास वर्षांनी विमानांच्या आणि रॉकेटांच्या परीक्षेसाठी त्याचाच कर्णा परत बोलवावा लागला. इतिहास शिकवताना असा एखादा धागा सापडला की मला फार बरं वाटायचं.

मधल्या काळात विजेचा लाऊडस्पीकर आला. अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली तो लोकांसमोर आणला. १९१९ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगोला सुमारे ५० हजार लोकांसमोर त्यावरून भाषण केलं. पुढाऱ्याच्या छातीत दम नसला तरी चालेल, असा काळ तिथून सुरू झाला! १९२५च्या सुमारास कागदी शंकूचा स्पीकर आला आणि तोच पुढे घरोघरी रेडिओत बसला. आवाज गोड, सूं-सूं नाही. दाबलेल्या हवेचा कर्णा लोक विसरून गेले.

त्याची आठवण झाली ती युद्धाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हवाई हल्ल्याचे भोंगे हवे होते. १९४२मध्ये बेल प्रयोगशाळा आणि क्रायस्लर मोटार कंपनी यांनी मिळून एक भोंगा बनवला. तो चालायला अख्खं मोटारीचं इंजिन लागायचं. १९५२ साली त्याची मोठी आवृत्ती आली, १८० अश्वशक्तीच्या इंजिनाची. शंभर फुटांवर १३८ डेसिबल! शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या छपरांवर हे भोंगे अणुबाँबची वाट बघत बसलेले असत.

त्याच युद्धातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. अमेरिकी सैन्यात एक तुकडी होती, सुमारे ११०० जणांची. चित्रकार, रचनाकार, नाटकवाले, ध्वनितज्ज्ञ अशी सगळी मंडळी. त्यांचं काम एकच, शत्रूला फसवणं. रबरी फुगवलेले रणगाडे उभे करायचे, खोटे बिनतारी संदेश सोडायचे, आणि रात्री आवाजाचं नाटक करायचं. रणगाडे चालल्याचे, पूल बांधल्याचे, हातोडे पडल्याचे आवाज आधी मुद्रित करून ठेवले होते. ५०० पौंडांचे प्रचंड स्पीकर लष्करी गाड्यांवर चढवून ते आवाज अंधारात सोडायचे. १५ मैलांपर्यंत ऐकू जायचे म्हणतात. मार्च १९४५मध्ये ऱ्हाईन नदी ओलांडताना या अकराशे लोकांनी दोन अख्ख्या डिव्हिजनांचं सोंग वठवलं. सगळा प्रकार १९९६पर्यंत गुप्त होता. २१ मार्च २०२४ला त्यांचा अमेरिकी संसदेच्या सुवर्णपदकाने गौरव झाला, तेव्हा मूठभरच जण हयात होते. गनिमी कावा आपल्याला नवा नाही, पण तोफ न डागता नुसत्या आवाजाने शत्रूला गुंतवून ठेवायचं, हे वाचून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

युद्ध संपलं आणि १९४७ साली पेन्सिल्व्हेनियातल्या एका महाविद्यालयात क्लेटन ॲलन आणि इसाडोर रडनिक या दोघांनी एक अतिशय जबरदस्त भोंगा तयार केला. तो फिरत्या चकतीने हवेचा झोत कापत चालायचा. त्याच्यासमोर कापसाचा बोळा धरला तर तो काही सेकंदांत पेटत असे. उंदीर ठेवले तर ते मरत. आवाजाने कान फुटून मेले असं तुम्हाला वाटेल, पण कारण निराळंच निघालं. त्यांच्या अंगावरची लव तो आवाज शोषून घेई आणि अंग तापत जाई. उष्णतेने मेले बिचारे. आवाज म्हणजे नुसती ऐकायची गोष्ट नाही, ती ऊर्जा आहे, आणि पुरेशी साठली तर जाळते, हे त्या भोंग्याने सिद्ध केलं.

ही ऊर्जा माणसाच्या स्वतःच्याच यंत्रांना महागात पडू लागली होती. जेट विमानं आली होती. त्यांच्या इंजिनांच्या गर्जनेने शेपटाजवळच्या पत्र्यांना बारीक तडे जायला लागले. पत्रा एकदा वाकवला तर तुटत नाही, पण तार मागेपुढे शंभर वेळा वाकवली की तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेलं असतं. आवाज पत्र्याला सेकंदाला शेकडो वेळा मागेपुढे वाकवतो. 'थकवा' हाच शब्द धातूलाही वापरतात. मला तो शब्द फार समर्पक वाटतो.

रॉकेटचं तर विचारूच नका. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. यान चंद्रावर जातं ती वाट शांत आहे, पण सुरुवातीची काही मिनिटं हवेतून जावं लागतं. इंजिनं पेटल्याबरोबर तो आवाज जमिनीवर आपटून वर येतो आणि यान ज्या टोपीत बसवलेलं असतं तिच्यात घुमतो. पुढे ध्वनीचा वेग ओलांडताना हवेचे तडाखे बसतात. यानातले जड भाग याला दाद देत नाहीत. पण सौर पंख म्हणजे हलके, पसरट पापड. अँटेनाच्या थाळ्या तशाच. जे हलकं आणि पसरट ते आवाजाने सगळ्यात जास्त हलतं. म्हणजे चंद्रावरच्या शांततेत पोचण्यासाठी आधी या गोंगाटातून धड बाहेर पडावं लागतं.

एप्रिल १९८१मध्ये अमेरिकेचं स्पेस शटल पहिल्यांदा उडालं, तेव्हा बूस्टर पेटतानाच्या दाबलहरीने त्याच्या अंगावरच्या उष्णतारोधक फरशांपैकी १६ निखळल्या आणि १४८ खराब झाल्या. त्यानंतर पाण्याच्या व्यवस्थेत बदल झाले. हो, पाण्याच्या! उड्डाणाच्या वेळी तळावर लाखो लिटर पाणी ओततात ते आग विझवायला नसतं, आवाज आणि दाबलहरी मवाळ करायला असतं.

इथे एक दंतकथाही निकालात काढते. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या आवाजाने काँक्रीट वितळलं, मैलभरावरचं गवत पेटलं, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. २०२२मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी नीट हिशेब मांडून दाखवलं, की आवाज प्रचंड होता, ध्वनिशक्तीच्या मापात २०३ डेसिबल, पण काँक्रीट वितळवण्याइतका खचितच नव्हता. जे काही भाजलं असेल ते ज्वाळांनी. कापूस पेटवणारा भोंगा अगदी समोर असतो, हा फरक सांगणारे सोयीस्करपणे विसरतात.

तर अशा आवाजाची तालीम जमिनीवर घ्यायची कशी? कागदी शंकूचे स्पीकर त्याला पुरत नाहीत, फाटून जातील. तेव्हा अभियंत्यांना साठ वर्षांपूर्वीची दाबलेली हवा आठवली. तीच झडप, तोच झोत, फक्त सुईऐवजी विजेने हलणारं वेटोळं. पुढे काँक्रीटचा किंवा धातूचा मोठा कर्णा.

अशा कर्ण्यांच्या जगात एक नाव वारंवार येतं, लिंग. जेम्स लिंग हा टेक्सासमधला विजेची कामं करणारा माणूस. १९४७ साली त्याने छोटासा धंदा सुरू केला, मग यंत्रांना हादरे देऊन त्यांची परीक्षा घेणारी उपकरणं बनवणारी कंपनी घेतली, आणि १९५९ साली ॲल्टेक ही कंपनी आपल्यात मिळवली. ॲल्टेक म्हणजे सिनेमागृहांचे स्पीकर बनवणारी नामांकित कंपनी. त्यांचा 'व्हॉइस ऑफ द थिएटर' जगभर गाजला होता. म्हणजे पडद्यामागून गाणं ऐकवणारे आणि रॉकेटचे भाग हादरवून बघणारे एका छपराखाली आले. दोनच वर्षांत लिंगने विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंपन्याही जोडल्या.

लिंगच्या नावाचे हे हवेवर चालणारे ध्वनियंत्र ४ हजार आणि १० हजार वॅट ध्वनिशक्तीचे होते. वाईल नावाच्या दुसऱ्या कंपनीचं यंत्र ३० हजार वॅटचं. हे विजेचे वॅट नव्हेत बरं का, निव्वळ ध्वनीचे! मघाचा हिशेब आठवा. १० हजार वॅट म्हणजे शंभर कोटी माणसं एकाच वेळी बोलायला लागावीत, आणि ते सगळं एका नरसाळ्यातून बाहेर यावं. पूर्ण भरात वाजणारा पाश्चात्त्य वाद्यवृंद त्याच्या सर्वोच्च क्षणी ७० वॅटच्या आसपास जातो.

अपोलोच्या तयारीत ह्यूस्टनला खास ध्वनी प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथे चांद्रयानाच्या भागांना या आवाजाच्या भट्टीतून काढलं गेलं. लँग्ली इथे तर एक निराळीच खोली होती, कानाला ऐकू येणार नाहीत इतक्या खालच्या कंपनांसाठी. आणि इथे गोष्ट जरा गंभीर होते, कारण अशा आवाजात माणसंही बसवली गेली. अंतराळवीराला रॉकेटवर बसायचं तर त्याच्या शरीराला हे सोसेल का, हा रास्त प्रश्न होता. १९६५ साली हेनिंग फॉन गिअर्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष छापले. कानांना संरक्षण लावलेली, स्वतःहून तयार झालेली मोजकी अनुभवी माणसं १५० डेसिबलच्या आसपासच्या खालच्या सुरांत थोडा थोडा वेळ बसली. छातीची भिंत थरथरली, खोकला आला, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, नजर धूसर झाली, नंतर थकवा राहिला. कान झाकले तरी आवाज अंगातून आत येतो, ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे या चाचण्यांची शिस्त बसली. हॉलंडमध्ये नूर्डवाइक इथे युरोपीय अंतराळ संस्थेची खोली आहे. ११ मीटर रुंद, ९ मीटर खोल, १६.४ मीटर उंच. भिंती अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीटच्या. भिंतीत कर्णे बसवलेले, आणि त्यांतून हवेऐवजी नायट्रोजन वायू सोडतात, कारण दमट हवा वरचे सूर पिऊन टाकते. आवाज १५४ डेसिबलपर्यंत. आत माणूस असेल तर जगणार नाही, असं ती संस्था स्वतःच सांगते. म्हणून सगळी दारं बंद झाल्याशिवाय तिथली यंत्रणा सुरूच होत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात सँडस्कीजवळची खोली १६३ डेसिबलपर्यंत जाते. आणि आपल्याकडे बेंगळुरूला राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत ११०० घनमीटरची अशीच खोली आहे. चाचणी चालते किती? एखाद-दोन मिनिटं. त्यासाठी आधी कितीतरी दिवस यानावर संवेदक चिकटवत बसायचं.

एक मजा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस क्विकस्कॅट नावाच्या उपग्रहाची चाचणी घ्यायची होती. समुद्रावरचे वारे मोजणारा हा उपग्रह. त्याच्यासाठी काँक्रीटच्या खोलीऐवजी रॉक संगीताच्या जलशांना लावतात ते स्पीकर आणले, उपग्रहाभोवती गोल रचले, आणि त्या कोंडाळ्यात त्याची परीक्षा घेतली. १९ जून १९९९ला तो उडाला आणि २००९पर्यंत वारे मोजत राहिला. आता ही पद्धत चांगली रुळली आहे. गाण्याचे स्पीकर शेवटी उपग्रहाच्या कामी आले म्हणायचे!

आता दुसरी फांदी. ती सांगायला नको वाटते, पण इतिहास सोयीचा तेवढाच सांगायचा नसतो.

याच ताकदीचा आवाज माणसांवर सोडायची कल्पनाही त्याच वर्षांत वाढली. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरला स्पीकर बांधून रात्री जंगलावरून मेलेल्या सैनिकांच्या भटकणाऱ्या आत्म्यांचे विलाप ऐकवले गेले. तिथे समजूत अशी, की ज्याला घरी नेऊन पुरलं नाही त्याचा आत्मा भटकतो. त्या श्रद्धेलाच कर्णा लावला. १९८९च्या डिसेंबरात पनामाचा हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपला, तेव्हा अमेरिकी सैन्याने बाहेर मोठमोठ्याने रॉक संगीत लावलं. व्हॅटिकनने तक्रार केल्यावर ते थांबलं, आणि ३ जानेवारी १९९०ला तो शरण आला. दोन्ही कोरियांच्या सीमेवर तर साठच्या दशकापासून एकमेकांवर लाऊडस्पीकर रोखलेले होते, कधी चालू, कधी बंद. २०२४मध्ये उत्तरेने दक्षिणेकडच्या कांगह्वा बेटाच्या दिशेने रात्रंदिवस विचित्र, कर्कश आवाज सोडले. तिथल्या शेतकऱ्यांचा ना उत्तरेच्या राजकारणाशी संबंध ना दक्षिणेच्या, पण झोप त्यांची उडाली. जून २०२५मध्ये दक्षिणेने आपले स्पीकर बंद केले, मग उत्तरेनेही. वर्षभराने त्या लोकांना पहिली शांत रात्र मिळाली असेल.

दोन्ही फांद्या एकाच खोडाच्या आहेत. एकीकडे आवाज मोजून, ठरवून, दार बंद करून यंत्रावर सोडतात आणि नंतर बारकाईने तपासतात, कुठे तडा गेला का. दुसरीकडे तोच आवाज उघड्यावर माणसांवर सोडतात, आणि तडा कुठे गेला हे तपासायला कोणी येत नाही.

हे लिहिताना मला माझा एक विद्यार्थी सारखा डोळ्यांसमोर येतो. नाव सांगत नाही. अभ्यासात बेताचा, पण तारा जोडणं, रेडिओ उघडणं यात पटाईत. शाळेच्या कार्यक्रमांना कर्णा तोच बांधायचा. दहावीनंतर मिरवणुकांना साउंड लावणाऱ्या एकाकडे कामाला लागला. गाडीवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीला पाठ लावून रात्र रात्र उभं राहायचं, हे त्याचं काम. दहा-बारा वर्षांनी बाजारात भेटला. मी बोलत होते आणि तो माझ्या ओठांकडे बघत होता. म्हणाला, "बाई, जरा या बाजूने बोला, डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्यात शिट्टी वाजते." तेव्हा तो तिशीचाही नव्हता. यंत्राला तडा गेला तर पत्रा बदलता येतो. कानाच्या आत जे बारीक केसांसारखे तंतू असतात ते एकदा मोडले की पुन्हा उगवत नाहीत.

आपल्याकडे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वर्षात थोडे दिवस बारापर्यंत सवलत. नियम वाईट नाहीत. पण नियम आजूबाजूच्या लोकांसाठी आहेत, गाडीवर उभ्या असलेल्या पोरासाठी त्यांत फारसं काही नाही. उपग्रहाजवळ एकही माणूस राहू नये म्हणून दारांची एवढी काळजी, आणि आपल्या वरातीत भिंतीच्या अगदी समोर खांद्यावर तान्हं मूल घेतलेला बाप नाचत असतो. मला सण नको आहेत असं कोणी समजू नये. ढोल-ताशा ऐकून आजही माझे पाय थबकतात. मी फक्त अंतराबद्दल आणि वेळेबद्दल बोलतेय.

त्या विद्यार्थ्याचं आता स्वतःचं साउंडचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत घरी आला होता. त्याच्याकडे सात-आठ पोरं कामाला आहेत. त्यांना कानात घालायचे बोळे त्याने आणून दिलेत, पण पोरं घालत नाहीत, लाजतात. म्हणाला, "बाई, तुम्ही चार ओळी लिहून द्या, गोदामात लावतो. तुमचं अक्षर बघून तरी ऐकतील." मी त्याला नूर्डवाइकच्या त्या खोलीची हकिकत सांगितली. त्याने दोनदा विचारून घेतली, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा. मग म्हणाला, "हेच लिहा."

मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे. तुमच्या ओळखीत कोणी साउंडच्या कामात असेल तर त्यालाही ही हकिकत सांगा, आणि तो काय म्हणाला ते मला जरूर कळवा.